हजेरी

निवृत्त माणसानं काय काय करू नये याची एक यादी छापून ती पेन्शनच्या पहिल्या कागदाबरोबरच त्याच्या हातात ठेवावी, अशा मताला मी आता आलो आहे. त्या यादीत शेअरबाजार असावा, सोसायटीचं चिटणीसपद असावं, दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं जमवणं असावं. आणि सर्वांत वर, ठळक टायपात, 'घरच्या घरी सर्व्हर बांधणे' हे असावं.

मी तो बांधला. म्हणजे बांधायला घेतला. बांधायला घेणं आणि बांधणं यांच्या मधल्या फटीत माझे सतरा दिवस, माझी झोप आणि सौ.चा माझ्यावरचा उरलासुरला विश्वास जाऊन पडला आहे.

सर्व्हर म्हटलं की लोकांना उगाच काहीतरी अवाढव्य वाटतं. सर्व्हर म्हणजे माळा. पूर्वी घराला माळा असे, आणि जे वापरवत नाही पण टाकवतही नाही ते तिथे जाई. हल्ली माणसांना फोटो टाकवत नाहीत. आमचा नातू तीन वर्षांचा आहे आणि त्याचे फोटो अकरा हजार आहेत. माझ्या लहानपणाचा एकच फोटो उपलब्ध आहे, आणि त्यात मी नेमका हललो आहे. १९५६ साली आय.बी.एम.नं जगातली पहिली हार्ड डिस्क विकायला काढली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि तेवढं ते कपाटभर धूड मिळून साठवणार किती, तर पावणेचार मेगाबाइट. म्हणजे आमच्या नातवाचा एक फोटो. तोही त्यानं जीभ बाहेर काढलेली नसली तर.

तर हे अकरा हजार फोटो, मुलीच्या लग्नाचं चित्रण, शिवाय अष्टविनायकाच्या यात्रेत सौ.नं चुकून तासभर चालू ठेवलेलं बसच्या छताचं चित्रण, हे सगळं एका जागी ठेवायचं होतं. जुन्या संगणकाच्या खोक्यात चार हार्ड डिस्क बसवायच्या, फुकट मिळणारी एक प्रणाली त्यात घालायची, आणि रात्री घरातल्या सगळ्या मोबाइलनी आपापलं ओझं तिथे नेऊन उतरवायचं, अशी योजना होती. 'फुकट' हा शब्द कानावर पडल्यानंतर पुढचं मी फारसं ऐकलं नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बेंगळुरूला असलेल्या चिरंजीवांनी फोनवरून मला शास्त्र समजावलं. प्रत्येक डिस्क कधी ना कधी जाणारच. म्हणून तीन डिस्कांवर मजकूर असा वाटून ठेवायचा की एक गेली तरी उरलेल्या दोघींवरून तिचा मजकूर पुन्हा जुळवता यावा. बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी १९८८ साली निबंध लिहून या असल्या युक्त्यांना 'रेड' असं नाव दिलं. त्या नावातला 'आय' म्हणजे 'इनएक्स्पेन्सिव्ह', स्वस्त. पुढे लोकांनी त्याचा 'इंडिपेन्डन्ट' केला. हा बदल का करावा लागला असेल, ते तीन नव्या डिस्कांचं बिल हातात पडलं तेव्हा मला उमगलं.

चौथी डिस्क मात्र विकत आणलेली नव्हती. ती घरचीच होती. आणि हा सगळा खटाटोप मुळात तिच्यासाठी होता, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

१९८६ सालच्या दिवाळीत माझा थोरला भाऊ, दादा, नागपूरहून टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. तो त्यानं आईपुढे ठेवला, बटण दाबलं आणि म्हणाला, "आई, काहीतरी बोल." आई म्हणाली, "मी नाही त्या डब्याशी बोलायची." आणि का बोलणार नाही याची कारणं तिनं पुढे पंचेचाळीस मिनिटं सांगितली. त्यात रॉकेलचे भाव आले, चकलीची भाजणी आली, मॅट्रिकला मला गणितात पडलेले मार्क आले, आणि आत्याच्या वागण्यावर तर एक स्वतंत्र अध्यायच आला. शेवटी, "आता बंद कर ते, वीज ज", इथे कॅसेटची बाजू संपली.

१९९१ साली आई गेली. २०११ साली चिरंजीवांनी ती कॅसेट संगणकावर उतरवली. पुढे कॅसेटला बुरशी लागली आणि २०१६ साली घर बदलताना मीच ती टाकली, "आता संगणकावर आहे की!" असं म्हणून. २०१९ साली संगणकावरचं सगळं एका काळ्या पेटीतल्या डिस्कवर हलवलं आणि तो संगणकही भंगारात गेला. दादाला एक प्रत पाठवायची, असं दर दिवाळीत ठरत होतं. म्हणजे हिशेब मांडला तर साऱ्या जगात माझ्या आईचा आवाज त्या एका काळ्या पेटीत होता. आणि त्या पेटीचं वायर खुपसायचं तोंड सैल झालं होतं. वायरीखाली उदबत्तीचा पुडा एका विशिष्ट कोनात सरकवला तरच पेटी चालायची. एक दिवस पुडाही चालेना. तोंड आत मोडून पडलं होतं.

आणि पुढच्या महिन्यात दादाची पंचाहत्तरी होती.

"बाबा, काही झालं नाही," चिरंजीव म्हणाले. "पेटी मोडली, आतली डिस्क शाबूत आहे. ती बाहेर काढा आणि सरळ सर्व्हरला जोडा. तिथून बाकीच्या तिघींवर सगळं उतरवून घेऊ. फक्त पडद्यावर 'फॉरमॅट करू का', 'इनिशिअलाइज करू का' असं काही आलं तर नाही म्हणा. काहीही विचारलं तरी नाही म्हणा."

ही सूचना अनावश्यक होती. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यांतली बावीस कर्ज खात्यात.

एका मुदत संपलेल्या ए.टी.एम. कार्डानं मी ती पेटी उघडली. 'कट' असा आवाज झाला. मग पुन्हा 'कट'. प्लॅस्टिकच्या सगळ्या खुंट्या मोडल्या, आणि परतीचे दोर कापणं म्हणजे काय ते इतिहासाच्या पुस्तकाबाहेर मी प्रथमच पाहिलं.

चारही डिस्क खोक्यात बसवल्या. प्रत्येकीला दोन जोडण्या: एक रुंद, विजेची, आणि एक अरुंद, निरोपाची. मुख्य पट्टीवर निरोपाच्या वायरींसाठी सहा दारं होती. तीन आणि चार क्रमांकांपर्यंत माझ्या वायरी पोचेनात, म्हणून मी एक, दोन, पाच आणि सहा या दारांत त्या खुपसल्या. नारळ फोडला नाही एवढंच. बटण दाबलं.

संगणक सुरू झाला की शाळेतल्या बाईंसारखा आधी हजेरी घेतो. प्रत्येक डिस्कनं आपलं नाव, नंबर आणि पोटात किती मावतं ते सांगायचं. पडद्यावर पहिलीचं नाव आलं. दुसरीचं आलं. मग बाईंनी वही मिटली.

दोघी हजर, दोघी गैरहजर. आणि गैरहजरांत आई.

अशा वेळी शहाणा माणूस जे करतो ते मी केलं: बंद करून पुन्हा चालू केलं. नंतर अडाणी माणूस जे करतो तेही केलं: सगळ्या वायरी काढून, अदलाबदल करून, एकदम परत खुपसल्या. आता एकच डिस्क दिसू लागली.

"बाबा, एका वेळी एकच गोष्ट बदला," चिरंजीव फोनवर कळवळून म्हणाले. "आणि वहीत लिहून ठेवा." मला माझीच लाज वाटली. रोजकीर्दीत चार आण्यांचा फरक आला म्हणून रात्री अकरापर्यंत एकेक व्हाउचर तपासत बसलेला माणूस मी! मी वही काढली, रेघा मारल्या. एक वायर बदल, चालू कर, लिही, बंद कर. पहिल्याच पानावर एक वायर अर्धवट बसलेली सापडली. दुसरी डिस्क परत आली. म्हणजे दोन दिवस खपून मी जिथून निघालो होतो तिथे पोचलो.

एव्हाना आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत बातमी पसरली होती. तळमजल्यावरचे नाना आले. नानांची नोकरी वीजखात्यात झाली, त्यामुळे जगातल्या सर्व दुःखांचं मूळ अर्थिंगमध्ये असतं असं ते मानतात. त्यांनी टेस्टर काढला, खोक्याला चारी बाजूंनी टोचला आणि "अर्थिंग उत्तम आहे" असं अत्यंत खिन्न चेहऱ्यानं सांगितलं. दुसरे एकजण खोक्याचं तोंड पूर्वेला करून गेले.

समोरचे अण्णा मात्र ठाम उपाय घेऊन आले होते. "फ्रीजरमध्ये ठेवा. रात्रभर. माझ्या साडूची अशीच चालू झाली होती."

हा उपाय पूर्वी खरोखरच लोक करत. अडकलेली जुनी डिस्क गारठून आकसली की क्वचित सुटते, असं म्हणत. पण आतली परिस्थिती मोठी नाजूक असते. तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्यावरून वाचणारं टोक तरंगतं, ते जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवरून. माणसाचा केस अदमासे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. तेव्हा गार डिस्क बाहेर काढल्यावर तिला जो घाम फुटतो त्याचा एक थेंब आत जमणं म्हणजे काय होईल, याचा विचारच करू नये. हे मला आता माहीत आहे. त्या वेळी मी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजसमोर उभा होतो.

"ठेवा खाली ती," सौ. मागून म्हणाली. "फ्रीजरमध्ये मटार आहेत. तिथे सासूबाई राहायच्या नाहीत."

मी पिशवी खाली ठेवली. डिस्कवर काय आहे ते मी तिला कधी बोललो नव्हतो.

"उदबत्तीचा पुडा लावून रात्री ऐकत बसायचात ते मला काय ऐकू येत नव्हतं?" ती म्हणाली. "चला, बघू दे मला."

सौ.ला संगणकातलं काही कळत नाही, असं मी गेली वीस वर्षं सर्वांना सांगत आलो आहे. तिनं खोकं चालू करायला लावलं आणि एकेका डिस्कवर तळवा ठेवत गेली, मुलाला ताप आहे का पाहावं तसा.

"ही फिरतेय. ही फिरतेय. ही पण फिरतेय. आणि ह्या," तिचा हात थांबला, "ह्या नाही फिरत. मिक्सर बंद असला की जसा लागतो हाताला, तशा लागतायत. आणि फिरणाऱ्या तीन, पण तुमच्या पडद्यावर दोनच. म्हणजे दोघींची दुखणी वेगळी आहेत. तुम्ही एकच औषध देत बसलाय."

पाच दिवस वहीत रेघा मारून मला जे कळलं नव्हतं ते तिनं पाऊण मिनिटात सांगितलं. एक मुलगी शाळेत आली होती पण बाईंना दिसत नव्हती; तिच्या निरोपाच्या वाटेत काहीतरी घोटाळा होता. दुसरी घरून निघालीच नव्हती. तिचा घोटाळा विजेचा.

पहिलीचा शोध माहितीपुस्तिकेत लागला. सगळं जग जी पुस्तिका टाकून देतं ती मी लोणच्याच्या मसाल्याच्या डब्याखाली जपून ठेवली होती. भिंग घेऊन वाचायला बसलो. एका तक्त्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, अशा अर्थाची तळटीप होती, की प्रणाली ठेवायची ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी चपटी डिस्क अमुक खाचेत बसवली असल्यास पाच क्रमांकाचं दार बंद राहील. दोघींना मिळून वाट एकच! चाळीतल्या नळासारखं: खालच्यानं सोडला की वरच्याकडे थेंब नाही. आणि ती पट्टी मीच तिथे हौसेनं बसवली होती. एक लांब वायर आणली, डिस्क पाचातून काढून तीन नंबरच्या दारात लावली. हजर!

राहिली ती आईची.

तिला मी चौथ्या दारात नेलं. फिरेना. शेजारणीची विजेची वायर तिला लावली. फिरेना. तिची वायर शेजारणीला लावली, तर शेजारीण सुरळीत फिरायला लागली. हे सगळं मी वहीत नीट लिहिलं. नंतर लिहिलेलं वाचलं तेव्हा हात गार पडले. वायर चांगली, दार चांगलं, वीज चांगली. म्हणजे फरक एकाच ठिकाणी उरत होता. बँकेत असा फरक सापडला की चहा मागवायचे. मी दिवा मालवून तसाच खुर्चीत बसून राहिलो. ती कॅसेट टाकताना मी तिच्यावरची धूळसुद्धा पुसली नव्हती, हे उगाच आठवत राहिलं.

सकाळी सौ.नं डबा भरून हातात दिला. "लॅमिंग्टन रोडला जा. आणि पिशवी मांडीवर धरून बसा, वर रॅकवर ठेवू नका."

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण संगणकाचा भाग हवा असलेला माणूस ते नाव घेऊन विचारत नाही. एका बोळात, दोन हात लांब नि दीड हात रुंद दुकानात, विशीतला एक मुलगा होता. मी त्याला सगळी वही वाचून दाखवली. तो मधेच थांबवून म्हणाला, "काका, ही डिस्क बाहेरच्या पेटीतून काढलीय का?" मी मान डोलावली. त्यानं ती एका उघड्या पाळण्यासारख्या यंत्रात उभी खोचली, आणि माझा हात धरून तिच्यावर ठेवला.

फिरत होती.

"मेलेली नाही, काका. तुमच्याकडे तिला गप्प बसवून ठेवत होते."

मग त्यानं जे समजावलं ते असं. विजेच्या रुंद जोडणीत पंधरा पट्ट्या असतात. पहिल्या तीन पूर्वी ३.३ व्होल्टसाठी राखलेल्या होत्या, पण ती वीज फारसं कुणी वापरतच नव्हतं. म्हणून नंतरच्या नियमांत तिसऱ्या पट्टीला नवं काम दिलं: तिथे वीज आली की डिस्कनं स्वतःला बंद ठेवायचं. हजारो डिस्क एका छताखाली असलेल्या ठिकाणी एखादी अडून बसली तर तिला हात न लावता दुरून बंद-चालू करता यावं म्हणून ही सोय. त्या काळ्या पेटीत तिसऱ्या पट्टीवर वीज येतच नव्हती, म्हणून तिथे डिस्क चालायची. माझ्या जुन्या वीजपेटीला नव्या नियमाचा पत्ता नव्हता. ती आपली जुन्या इमानानं तिसऱ्या पट्टीवर ३.३ व्होल्ट पाठवत राहिली, आणि डिस्क मुकाट बसून राहिली. 'गप्प बस' म्हटल्यावर खरोखर गप्प बसणारं आमच्या घरातलं हे पहिलंच माणूस. त्यातही आवाज आईचा!

"मग आता?"

"ती पट्टी झाकायची. कॅप्टॉन टेप लावा."

मला 'कॅप्टन' असं ऐकू आलं, आणि सैन्यातलं काहीतरी महागडं असणार असं वाटलं. निघाली मधाच्या रंगाची, उष्णतेला दाद न देणारी पातळ चिकटपट्टी. चार काड्यांच्या जुन्या वायरीला लावायचा एक जोडही त्याच्याकडे होता. त्या वायरीत ३.३ व्होल्ट नसतातच, तेव्हा त्यानंही काम झालं असतं. पण, "ह्यातले साच्यात ओतलेले जोड कधीकधी जळतात. तुमच्या डिस्कवर महत्त्वाचं काही असेल तर टेपच बरी," असं म्हणून त्यानं तो स्वतःहूनच परत ठेवला. स्वतःचा माल परत ठेवणारा दुकानदार मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

घरी आल्यावर टेप लावायचं काम अर्थातच सौ.कडे गेलं. एकेक पट्टी जेमतेम मिलिमीटरभर. तिनं नखं कापायच्या कात्रीनं तुकडा कापला, भुवयांच्या चिमट्यानं धरला, श्वास रोखून तिसऱ्या पट्टीवर बसवला. बटण दाबलं. फिरेना! दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग माझ्या लक्षात आलं: मोजताना मी चुकीच्या टोकाकडून मोजायला सांगितलं होतं. निरोपाच्या जोडणीकडचं टोक ते पहिलं. हा खुलासा मी शक्य तितक्या बारीक आवाजात केला. दुसरा तुकडा कापताना ती काय पुटपुटत होती ते इथे लिहीत नाही.

या वेळी बटण दाबलं आणि तळवा मीच ठेवला. आधी एक बारीक शहारा आला, मग वेग चढत गेला. पडद्यावर चौथं नाव उमटलं. चौघी हजर.

फोटो-बिटो सगळं बाजूला ठेवून मी आधी ती एक ध्वनिफीत काढली आणि दादाला फोन लावून मोबाइल स्पीकरसमोर धरला. थोडी खरखर झाली. मग आई म्हणाली, "मी नाही त्या डब्याशी बोलायची."

पलीकडून दादाचा काही आवाज येईना. भाजणीपर्यंत आई आली, पुढे रॉकेलवर गेली. तेवढ्यात दादा घसा खाकरून म्हणाला, "अरे, धणे किती म्हणाली ती? जरा मागे घे."

रात्री चिरंजीवांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "छान. पण बाबा, सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे हं. चारी डिस्क एकाच खोक्यात आहेत. उद्या खोक्यावरच काही पडलं तर? एक प्रत घराबाहेर पाहिजे." हे आधी सांगितलं असतं तर तीन डिस्कांचे पैसे वाचले असते. तिथल्या तिथे एक प्रत त्याला धाडली, एक मुलीला, एक दादाला. आणि आणखी सुरक्षितता हवी म्हणून एक कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून दिली.

त्या ग्रुपवर आत्याची मुलंही आहेत, हे मला पहाटे साडेतीन वाजता आठवलं. तोवर सतरा जणांनी ऐकलं होतं.

सकाळी सातला आत्येभावाचा फोन आला. मी उचलला आणि गप्प राहिलो.

"मामीचा आवाज ऐकला रे," तो म्हणाला. "पंचेचाळीस मिनिटं जागचा उठलो नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आईबद्दल मामी जे म्हणाली ना, ते सगळं खरं आहे. पण बरण्या आमच्याकडे नव्हत्या. त्या तुमच्याच माळ्यावर होत्या."